खतातलं शिसं जातं कुठे?

प्रश्न : आम्ही भिलाईच्या टाउनशिपमध्ये राहतो. क्वार्टरच्या मागे साधारण चारशे चौरस फुटांची बाडी आहे. लाल भाजी, पालक, मेथी, कोथिंबीर, दोडक्याचा आणि कारल्याचा वेल, शिवाय गच्चीवर कुंड्या. शहरातल्या कचऱ्यापासून केलेलं खत स्वस्तात मिळालं म्हणून यंदा पन्नास किलोच्या चार गोणी आणून घातल्या. भाजी झकास आली. पण शेजारचे काका पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, खायच्या भाजीला घालू नका.’ समोरच्या काकू म्हणतात, ‘एकदा कुजलं की सगळ्याची मातीच होते.’ खरं कोणाचं? खतातलं शिसं कुजतं का? नसेल कुजत, तर जातं कुठे? — एक वाचक, भिलाई (छत्तीसगड)

उत्तर : कुजत नाही, आणि कुठे जातही नाही. तुमच्या प्रश्नाचं सगळं मर्म एवढ्यातच आहे. तरीही काकांचं म्हणणं सरसकट मान्य करता येणार नाही. का, ते बघू.

कचऱ्याचा ढीग कुजतो म्हणजे जिवाणू आणि बुरशी त्यातला कर्ब खातात आणि कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. भाजीचे देठ, शिळा भात, केळीची सालं, पालापाचोळा, हे सगळं दोन-तीन महिन्यांत वजनाने निम्म्यावर येतं. शिशाला, कॅडमियमला, क्रोमियमला मात्र असं उडून जाता येत नाही. बासुंदी आटवताना साखर तेवढीच राहते आणि गोडी वाढत जाते, तसं हे आहे. १०० किलो कोरड्या कचऱ्यात २ ग्रॅम शिसं असेल, तर त्याच्या ५० किलो खतातही २ ग्रॅमच राहील. पण किलोमागे २० मिलिग्रॅमचे ४० मिलिग्रॅम होतील. म्हणजे कुजण्याने धातू कमी होत नाहीत, उलट दाट होतात.

आता हा धातू कचऱ्यात येतो कुठून? केळीच्या सालीतून तर नक्कीच नाही. तो येतो त्याच पिशवीत टाकलेल्या घड्याळाच्या आणि रिमोटच्या सेलमधून, जुन्या रंगाच्या खपल्यांतून, फुटलेल्या ट्यूबलाइटमधून (त्यात पारा असतो), खेळण्याच्या तुटक्या सर्किटवरच्या डाखातून, रंगीत प्लास्टिकमधून, चामड्याच्या चपलेतून. चामडं कमावायला क्रोमियम वापरतात. रस्ता झाडून गोळा केलेली धूळ आणि गटारातून काढलेला गाळ त्याच गाडीत पडला, की टायरच्या झिजेतलं जस्त आणि ब्रेकच्या झिजेतलं तांबंही आलं. सेल ढिगात महिनाभर ओल्या, आंबट, गरम कचऱ्यात पडून राहिला की त्याचं कवच गंजतं आणि आतला ऐवज आजूबाजूच्या मऊ खतात झिरपतो. पुढे चाळणीवर सेल वेगळा निघतो. झिरपलेलं निघत नाही.

हा शेवटचा मुद्दा कल्पनेतला नाही. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेतल्या जे. के. साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या दोन डझनांहून अधिक शहरांचं कचरा-खत तपासलं आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरातच वेगळ्या ठेवलेल्या ओल्या कचऱ्याचं खत आणि मिसळलेल्या कचऱ्याचं खत, अशी त्यांनी तुलना केली. वेगळ्या ठेवलेल्या कचऱ्याच्या खतात शिसं सरासरी ८४ टक्के कमी, तांबं ७८ टक्के कमी, कॅडमियम ६४ टक्के कमी. सेंद्रिय पदार्थ मात्र ५७ टक्के जास्त. पण मला त्या अभ्यासातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच वाक्य : मिसळलेला कचरा खत-कारखान्यावर आणून तिथे थोडाफार वेगळा केल्याने खताच्या दर्जात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे खत कसं होणार हे ठरतं ते स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांपाशी. एकदा घंटागाडीत सगळं एकत्र पडलं की पुढे कितीही महागडं यंत्र लावा, वेळ गेलेली असते.

म्हणून ‘शहरी खत चांगलं की वाईट’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमच्या छत्तीसगडातच दोन्ही टोकं सापडतील. अंबिकापूरने २०१५ पासून वॉर्डा-वॉर्डांत केंद्रं काढली. बचतगटांच्या बायका घरोघरी जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात, केंद्रावर तो पुन्हा निवडतात. तिथलं जुनं डम्पिंग ग्राउंड आता बाग झालं आहे. पुढे राज्यभरच्या शहरांत कचरा निवडणारी मणिकंचन केंद्रं आली, तिथे काम करणाऱ्या स्वच्छता दीदी आल्या, त्या याच वाटेने. अशा केंद्रातलं, निव्वळ ओल्या कचऱ्याचं खत असेल तर मी ते डोळे झाकून नाही, पण फारशी काळजी न करता वाफ्यात घालीन. याउलट जुना कचऱ्याचा डोंगर खणून, चाळून काढलेली काळी भुसभुशीत माती कोणी ‘खत’ म्हणून देऊ लागला तर ती भाजीच्या जवळपासही येऊ देणार नाही. दिसायला दोन्ही सारखी. किंबहुना डोंगरातली जास्त देखणी, कारण ती वीस वर्षं मुरलेली असते.

आणखी एक घोटाळा तुमच्याकडे होतो. २०२० साली हरेलीच्या सणाला सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत सरकार २ रुपये किलोने शेण घ्यायचं आणि त्याचं गांडूळ खत व्हायचं. ते शेणाचं खत. तुमच्या गोणीतलं शहरी कचऱ्याचं. लोक दोन्हीला ‘सरकारी खत’ म्हणतात, पण दोघांचा कच्चा माल वेगळा, म्हणून धोकाही वेगळा. आधी गोणीवर काय छापलं आहे ते वाचा.

गोणीवरून आठवलं. ‘खत सरकारमान्य आहे’ याचा अर्थ काय? १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा दिल्या आहेत. किलोमागे मिलिग्रॅममध्ये : शिसं १००, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. घनकचरा व्यवस्थापन नियमांतही (आधी २००० चे, मग २०१६ चे) हेच आकडे होते, आणि सोबत अशी तरतूद होती की यापेक्षा जास्त धातू असलेलं खत खाद्यपिकांना वापरायचं नाही, इतर झाडांना चालेल. हे नियम आकाशातून पडले नाहीत. शहरांच्या कचऱ्यावरून अलमित्रा पटेल १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातून २००० चे नियम आले.

पण या तक्त्याकडे थोडं संशयाने बघायला हरकत नाही. युरोपात सेंद्रिय शेतीत घरगुती कचऱ्याचं खत वापरायचं तर कॅडमियमची मर्यादा ०.७ आहे. आपली ५, म्हणजे सातपट सैल. शिशाची त्यांची ४५, आपली १००. तांब्याची ७०, आपली ३००. उलट पाऱ्याची त्यांची ०.४ आणि आपली ०.१५, क्रोमियमची त्यांची ७०, आपली ५०. पारा आणि क्रोमियमला आपण त्यांच्याहून कडक आणि कॅडमियमला इतके उदार का, याचं पटेल असं कारण मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. त्यात गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणातच क्रोमियम किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. पुण्या-नाशिकच्या खतात रस्त्याची माती मिसळली, की कोणी काही पाप न करताही ते खत क्रोमियमला नापास होऊ शकतं. भिलाईखाली चुनखडक आहे, तेव्हा तुम्हाला ती सबब नाही.

आता तुमच्या बाडीचा हिशेब करू. समजा तुमचं खत मर्यादेच्या अगदी काठावरचं आहे : शिसं १००, कॅडमियम ५. चार गोणी म्हणजे २०० किलो. त्यातून २० ग्रॅम शिसं आणि १ ग्रॅम कॅडमियम आलं. चारशे चौरस फुटांत वरची सहा इंच माती धरली तर ती साधारण साडेसात टन भरते. म्हणजे किलोमागे शिसं अडीच-पावणेतीन मिलिग्रॅमने वाढलं, कॅडमियम ०.१३ ने. चांगल्या मातीत मुळात शिसं दहा ते तीस असतंच, त्यामुळे शिशाच्या बाजूने एका वर्षात आभाळ कोसळत नाही. कॅडमियमचं तसं नाही. निर्मळ मातीत ते सहसा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच असतं. समजा तुमच्याकडे ०.२ होतं, ते ०.३३ झालं. दरवर्षी अशाच चार गोणी घातल्यात तर दहा वर्षांत दीडच्या वर. काकांनी घाबरवलं ते शिशाने. माझ्या मते लक्ष ठेवायचं ते कॅडमियमवर.

तुमचा डोसही पाहा. शेतकरी एका हेक्टरला दहा टन कंपोस्ट घालतो तेव्हा ‘भरपूर घातलं’ म्हणतो. तुमच्या चार गोणी हेक्टरी पन्नास टनांच्या वर जातात! परसबागवाल्यांचा हात नेहमीच सैल असतो. कुंडीत तर विचारूच नका. माती आणि खत निम्मं-निम्मं भरलं तर वजनाने खत एक तृतीयांशाच्या आसपास येतं, म्हणजे काठावरच्या खताने कुंडीतलं कॅडमियम पहिल्याच दिवशी दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं. हेक्टरी दहा टनांच्या हिशेबाने शेताला तिथवर पोचायला साठाहून जास्त वर्षं लागतील. म्हणून माझं पहिलं सांगणं : शहरी खत कोणतंही असो, खायच्या भाजीच्या कुंडीत नको. कुंडीला घरचं कंपोस्ट किंवा शेणखत.

राहिला प्रश्न मातीतून भाजीत किती जातं याचा. इथे धातू-धातूंचे स्वभाव वेगळे. शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं. मुळाशी पोचलं तरी बहुतेक मुळातच अडकतं. पालेभाजीत सापडणारं शिसं बरेचदा पानावर चिकटलेल्या मातीचं आणि धुळीचं असतं, तीन पाण्यांनी धुतलं तर त्यातलं बरंच निघून जातं. क्रोमियम मातीत ज्या रूपात असतं ते बहुधा विरघळतच नाही. कॅडमियम मात्र चतुर आहे. जस्ताचा हा भाऊबंद जस्तासाठी ठेवलेल्या दारातूनच झाडात शिरतो आणि थेट पानापर्यंत जातो. धुऊन निघत नाही. पालक, लाल भाजी, मेथी, कोथिंबीर ही त्याची आवडती ठिकाणं. दोडका, कारलं, भेंडी, टोमॅटो, शेंगा यांत ते फार कमी पोचतं. छत्तीसगडची जेवणाची ओळखच मुळी भाज्यांच्या पानांवर आहे. छत्तीस प्रकारच्या भाज्या मोजून दाखवणारी माणसं तुमच्या आजूबाजूला असतील. नेमक्या त्याच ताटात हा पाहुणा बसतो.

तो शरीरात गेला की मूत्रपिंडात दहा-दहा, तीस-तीस वर्षं मुक्काम करतो. जपानच्या तोयामा भागात खाणीचं पाणी जिंझू नदीतून भातशेतीत गेलं आणि बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. ‘इताई-इताई’ नावाचा तो रोग १९६८ साली सरकारने प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. तुमच्या चार गोण्या आणि जिंझू यांच्यात हजार कोसांचं अंतर आहे, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी : अंगात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम आणि शिसं जास्त शोषून घेतं. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका आणि मुलं किती आहेत, हे वेगळं सांगायला नको.

मातीही पाहायला हवी. छत्तीसगडी शेतकरी जमिनीची चार नावं घेतो : भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. कन्हार म्हणजे आपली काळी, चिकणमाती जास्त, थोडी क्षारीय. ती धातू धरून ठेवते, पिकाला सहजी देत नाही. भाटा म्हणजे तांबडी, मुरमाड आणि बहुधा आम्ल. आम्ल मातीत कॅडमियम मोकळं सुटतं. टाउनशिपच्या बाड्यांत भरावाची माती असते, तेव्हा तुमची कोणती ते सामू तपासूनच कळेल. तो साडेसहाच्या खाली असेल तर शेतीचा चुना घालून साडेसहा-सातपर्यंत आणा. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीशेजारी राहणाऱ्याला चुना शोधत हिंडायला नको.

खत स्वतःही धातूंना बांधतं हे सांगायला हवं, नाहीतर अर्धंच चित्र राहील. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला धातू चिकटून बसतात, म्हणून पहिली काही वर्षं खताने धातू आणले तरी पिकात ते फारसे दिसत नाहीत. पुढे तो सेंद्रिय पदार्थही जिरतो. मग काय? एक पक्ष म्हणतो, धातू एकदम मोकळे होतील, हा टाइम बॉम्ब आहे. दुसरा म्हणतो, तोवर ते लोहाच्या आणि मँगनीजच्या ऑक्साइडांत अडकतील, काही होणार नाही. सांडपाण्याच्या गाळावरून जगभरचे मृदाशास्त्रज्ञ यावर तीस वर्षं भांडत आहेत. माझा कल पहिल्या पक्षाकडे आहे, तो पुराव्यापेक्षा स्वभावामुळे : जे परत काढता येत नाही ते जपून घालावं.

कंपोस्टचं शास्त्र आपल्याला नवं नाही. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या ढिगात कपाशीच्या पऱ्हाट्या, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, राख एवढंच. आजच्या शहरी खताची कृती मुळात तीच. कच्चा माल मात्र त्या दोघांनी ओळखलाच नसता.

प्रश्न : खतावरून लोहचुंबक फिरवला तर दाढीसारखी काळी भुकटी चिकटून आली. हेच का ते जड धातू? आणि त्याच खतात मेथी उत्तम उगवली, म्हणजे खत निर्धोक म्हणायचं का? — तेच वाचक

उत्तर : प्रयोग आवडला, पण निष्कर्ष काढायची घाई नको. चुंबकाला चिकटतं ते लोह आणि त्याचे काही ऑक्साइड. भिलाईत हे न चिकटतं तरच नवल! १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं तेव्हापासून या गावाची हवा लोखंडाची आहे. खिडकीच्या तावदानावरची, गाडीच्या टपावरची धूळ गोळा करून चुंबक फिरवा, तिथेही दाढी येईल. लोहाची मातीला वाण नाही आणि त्याने भाजी विषारी होत नाही. शिसं, कॅडमियम, क्रोमियमचे क्षार, तांबं यांतलं काहीही चुंबकाला चिकटणार नाही. म्हणजे चुंबक पकडतो तो निरपराध.

त्यापेक्षा हे करून पाहा. खताची ओंजळ वर्तमानपत्रावर पसरा, उन्हात वाळू द्या, मग पिठाच्या चाळणीने नाही, रव्याच्या जाड चाळणीने चाळा. वर काय राहतं ते नीट बघा : काचेचे चमकणारे कण, शाम्पूच्या पुडीचा कोपरा, औषधाच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा, विटेचा चुरा, रबरबँड, क्वचित बटन-सेल. नियमानुसार किमान ९० टक्के खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवं. पण मुद्दा किती उरलं हा नाही, काय उरलं हा आहे. प्लास्टिक-काच दिसली की समजायचं, कचरा मिसळलेला होता, आणि जे दिसत नाही तेही आलेलं असणार. नुसत्या काड्या आणि आंब्याच्या कोयी उरल्या तर निम्मी चिंता गेली.

मेथीबद्दल : बी छान उगवलं याचा अर्थ खत पुरतं मुरलं आहे आणि त्यात क्षार जास्त नाहीत. एवढाच. भाजीला त्रास होईल त्याच्या कितीतरी आधी कॅडमियम खाणाऱ्याला त्रासदायक पातळी गाठतं. हिरवीगार, टवटवीत भाजी काहीच सिद्ध करत नाही.

प्रश्न : राजनांदगावकडे आमची धानाची तीन एकर शेती. युरिया-डीएपी कमी करून शहरी खत घालावं असा विचार आहे. घालू का? — एक शेतकरी वाचक

उत्तर : खत कुठलं, हे पाहून घाला. शेताला धोका बाडीपेक्षा कमी, कारण खत पातळ पसरतं. एका हेक्टरात वरच्या सहा इंचांत वीस लाख किलो माती असते. काठावरचं दहा टन खत घातलं तर कॅडमियम वर्षाला ०.०२५ ने वाढेल. मूळचं ०.२ असेल तर आठ वर्षांत दुप्पट. डीएपीतही कॅडमियम असतं, कारण ते ज्या खडकापासून होतं त्यात असतं. पण तिथे हेक्टरी काही ग्रॅमांचा मामला, इथे पन्नास ग्रॅमचा. दरवर्षी न घालता तीन वर्षांतून एकदा घाला, आणि परीक्षणाचा कागद असलेलंच घ्या.

धानाचं वैशिष्ट्य असं, की शेतात पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. कापणीआधी पाणी सोडलं, जमीन भेगाळली, की ते मोकळं होतं आणि दाण्यात जातं. मग पाणी उशिरापर्यंत ठेवावं का? अंबागड चौकीकडे शेत असेल तर तसं करू नका. कौरीकसा आणि आसपासच्या गावांत जमिनीतल्या पाण्यातच नैसर्गिक आर्सेनिक आहे, ते १९९९ पासून जगाला माहीत आहे, आणि आर्सेनिकचं बरोबर उलटं : उभ्या पाण्यात ते मोकळं होऊन दाण्यात शिरतं. त्या पट्ट्यात आधी बोअरचं पाणी तपासा, मग खताचा विचार करा.

शहरी खतातल्या सगळ्याच धातूंना शत्रू मानू नका. जस्त धानाला हवंच असतं. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येऊन धान खुरटतं तो ‘खैरा’ रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे पंतनगरला यशवंत नेने यांनी १९६६ च्या सुमारास दाखवून दिलं. खतातून थोडं जस्त आलं तर तुमचा झिंक सल्फेटचा खर्च वाचेल.

प्रश्न : जे घातलं ते घातलं. आता बाडीचं काय करू? सूर्यफूल आणि मोहरी लावली की माती शुद्ध होते असं वाचलं. — पुन्हा भिलाईचे वाचक

उत्तर : सूर्यफूल मातीतून धातू ओढतं हे खरं. किती, ते विचारलं की उत्तर निराशाजनक येतं. माती निवळायला पिढी जाईल. आणि ओढलेला धातू त्या झाडातच असतो, म्हणजे ते झाड कुठे टाकायचं हा नवा प्रश्न. ते बकरीला घातलं किंवा परत खतात टाकलं तर सगळं मुसळ केरात.

तुमच्या बाबतीत एवढं करायची गरज नाही. एका वर्षाच्या चार गोणींनी बाडी बिघडलेली नाही. मातीचा सामू तपासा. पुढची दोन वर्षं शहरी खत बंद, घरचं आणि शेणाचं चालू. पालेभाजी आणि वेलभाजी यांच्या जागांची अदलाबदल करा : जिथे खत जास्त पडलं तिथे दोडका-कारलं, जिथे कमी तिथे पालक-लाल भाजी. कुंड्यांतली माती जास्वंद-मोगऱ्याला द्या.

क्वार्टर जुनं असेल तर एका जागेकडे जरूर बघा, तिचा खताशी काही संबंध नाही. भिंतीलगतची, खिडक्या-दारांखालची फूटभर पट्टी. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. दर दिवाळीला खरवडलेल्या रंगाच्या खपल्या त्याच पट्टीत पडलेल्या असतात. रस्त्याला लागून बाडी असेल तर २००० सालापर्यंत विकल्या गेलेल्या शिसेवाल्या पेट्रोलचा धूरही तिथल्या मातीत मुरलेला आहे. अशा कडेच्या पट्टीत खतापेक्षा जास्त शिसं सापडू शकतं. तिथे कोथिंबीर न लावता शोभेची झाडं लावा, आणि लहान मुलं तिथे मातीत खेळत असतील तर हात धुतल्याशिवाय खायला देऊ नका.

परीक्षण करायचंच असेल तर आधी एक समजून घ्या : २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, जस्त-तांबंही असतं, पण शिसं आणि कॅडमियम नसतं. ती पत्रिका हिरवी आली म्हणून निर्धास्त होऊ नका. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत ‘एकूण शिसं, एकूण कॅडमियम आणि डीटीपीए-कॅडमियम’ असं नाव घेऊन विचारा. एकूण म्हणजे मातीत किती आहे. डीटीपीए म्हणजे त्यातलं झाडाच्या हाती लागण्यासारखं किती आहे. नमुना बाडीतल्या सात-आठ जागांहून सहा इंच खोलीपर्यंतचा, प्लास्टिकच्या किंवा लाकडी खुरप्याने काढलेला. गंजलेल्या किंवा मुलामा दिलेल्या खुरप्याने काढलात तर पैसे भरून खुरप्याचंच परीक्षण होईल. भिंतीलगतच्या पट्टीचा नमुना वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिठ्ठीने. आणि परवडत असेल तर उरलेल्या खताचीही एक पिशवी द्या, कारण मातीच्या आकड्यावरून काय झालं ते कळतं, खताच्या आकड्यावरून पुढच्या वर्षी त्याच दुकानात जायचं की नाही ते.